लिंबोणीचा ताण

मिरजगावच्या अलीकडे हायवे सोडून आत वळलं की कच्च्या रस्त्याच्या कडेला सुनीलचं घर होतं. घरामागे लिंबोणीची तीसेक झाडं आणि बागेच्या टोकाला बोअरची पत्र्याची खोली. भादव्यात पावसाची एक सर आली म्हणून सुनील मोटार बंद करायला गेला आणि परत आला नाही. खोलीत पाणी झिरपलं होतं. स्टार्टरला हात लागला तसा तो तिथेच पडला. शेजारच्या अजिनाथने वाळल्या काठीने वायर बाजूला केली, टेम्पोत घालून त्याला कर्जतला नेलं. डॉक्टरांनी नाडी बघितली आणि मान हलवली.

घरात दोघी उरल्या. त्याची आई बनुबाई आणि बायको अश्विनी. बनुबाईचा नवरा सुनील शाळेत असतानाच गेला होता, त्यामुळे तिला हे दुःख ओळखीचं आहे, असं आलेगेले म्हणत. बनुबाई ते ऐकून घेई आणि भिंतीकडे तोंड करून बसे.

अश्विनी या भागातली नव्हती. तिचं माहेर अकोले तालुक्यात, राजूरच्या पुढे डोंगरात. सुनील तेव्हा एका नर्सरीचा टेम्पो चालवायचा. आंब्याची कलमं घेऊन तो तिच्या गावात आला, तिच्या आईच्या, भागूबाईच्या, ओट्यावर बसून चहा प्याला, आणि पुढे कलमं नसतानाही दोनदा आला. तिसऱ्या वेळी बनुबाईला घेऊनच आला. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात त्याने टेम्पो सोडला आणि नर्सरीतूनच लिंबोणीची रोपं आणून घरामागे लावली. त्याला पाच वर्षं झाली होती. दोघांना मूल झालं नव्हतं. झाडं मात्र डोक्याच्या वर गेली होती, आणि येत्या हिवाळ्यात पहिल्यांदा नीट बहार धरायचा, असं सुनीलने ठरवलं होतं.

अश्विनीला हे बहार धरणं ठाऊक नव्हतं. तिच्या गावात हिवाळ्याची कामं वेगळी. भात निघालं की त्याच ओलीवर वाल टाकायचा, मसूर टाकायची, पुढचं सगळं दवावर येतं. कडाक्याची थंडी पडली तर मिरचीच्या रोपांवर रात्री पेंढा पांघरायचा आणि सकाळी काढायचा. पाणी घालायला कोणी जात नाही, कारण झऱ्याचा पाट परसातूनच वाहतो. सुनीलने तिला मागच्या थंडीत समजावून सांगितलं होतं.

"आमच्याकडं हिवाळ्यात झाडाचं पाणी तोडायचं."

"का? मारायचंय का त्याला?"

"ताण द्यायचा. पानं मलूल होत्यात, निम्मी गळत्यात. झाडाला वाटतं, आता आपलं काय खरं न्हाई. मग आळी खणून, खत घालून पाणी सोडायचं, का समदी फांदी फुलानं भरती."

"बिचारं झाड," अश्विनी म्हणाली होती, आणि सुनील खूप हसला होता.

दिवाळी आली तशी गेली. दारात पणती लागली नाही. कार्तिकात आजूबाजूच्या घरांनी परसात वाफे केले. मेथी, कोथिंबीर, लसूण, घेवडा. अजिनाथची बायको रंगुबाई गाजराचं बी घेऊन आली.

"बनाक्का, दोन वाफे टाक. हात गुतला का जीव बी गुततो."

बनुबाईने बी हातात घेतलं, पदराच्या टोकाला बांधलं, आणि ते लुगडं तसंच धुवायला टाकलं. बी बादलीत भिजून फुगलं. अश्विनीने ते कपडे पिळताना पाहिलं आणि गुपचूप परसातल्या कोपऱ्यात मातीत दाबलं. पण पाणी कुठलं? घरी वापरायला गावचा नळ दिवसाआड यायचा. बोअरची मोटार भादव्यापासून बंद होती. अजिनाथने फ्युजा काढून आपल्या घरी नेऊन ठेवल्या होत्या, आणि त्या परत लावायचं नाव बनुबाई काढू देत नव्हती. गाजराचे कोवळे धागे वर आले आणि कोरड्या वाऱ्याने आठवडाभरात वाळून गेले.

इकडची थंडीही कोरडी. दवाचा थेंब नाही, नुसता वारा. पहाटे ओठ फुटतात, टाचा फुटतात, जमीनही फुटते.

मार्गशीर्षात लिंबोणीची पानं मलूल झाली. बांधावरून जाणारे लोक बघून म्हणू लागले, "बरं केलं, ताण दिला. सुनील्याच्या माघारी बागेकडं बघायला कोनीतरी हाय." बनुबाई ते ऐकून पाठ फिरवी. ती रोज सकाळी उन्हाला मागच्या पायरीवर बसे आणि बागेकडे बघत राही. तिच्या नजरेत माया नव्हती. अश्विनीला ती नजर कळत नव्हती, पण तिला पायरी ओलांडून बागेत जायचा धीर होत नव्हता.

पौष लागला तेव्हा निम्मी पानं खाली पडली होती. अजिनाथ एकदा झाडांमधून फिरून आला. तो कमी बोलणारा माणूस होता.

"अश्विनी, ताण बसला हाय. आता आळी खणून पानी सोडाया पायजे. हलकी जमीन हाय, लई दिस धरून चालत न्हाई."

"तात्या, मी आत्यांना विचारते."

संध्याकाळी चुलीपुढे तिने विचारलं. बनुबाई भाकरी थापत होती.

"आजून न्हाई," बनुबाई म्हणाली.

"तात्या म्हणत होते, आता ताण तोडायचा."

"आजून न्हाई म्हनलं ना."

आठवड्याने तिने पुन्हा विचारलं. तेच उत्तर. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा बनुबाईने परातीतलं पीठ तसंच सोडलं आणि उठून बाहेर गेली. त्या रात्री दोघी उपाशी झोपल्या.

भोगीच्या दिवशी अश्विनीने बाजारातून आणलेल्या भाज्यांची मिसळभाजी केली. दरवर्षी ही भाजी परसातलीच असायची, घेवडा, वांगं, पावटा, गाजर, सगळं सुनील सकाळी खुडून सुपात आणून द्यायचा. बनुबाईने घास तोंडात घातला, चावला आणि ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशी संक्रांत. गल्लीतून बायका नव्या साड्या नेसून वाण घेऊन जाताना दिसत होत्या. अश्विनीच्या दारावरून त्या पावलं उचलून गेल्या. रंगुबाई एकटीच मागच्या दाराने आली आणि दोघींच्या हातावर तिळाचा लाडू ठेवून गेली.

त्याच दुपारी अश्विनीने फोनवर आईला सगळं सांगितलं. भागूबाईला बहार, ताण यातलं काही कळलं नाही. तिला एवढंच कळलं की झाडं तहानलेली आहेत आणि मोटार कोणी चालू करत नाही.

"वाल्मिकला धाडते," ती म्हणाली. "त्यो मोटारीचंच काम करतो. आन् त्याच्यासंगं तू बी ये. संक्रांत सरली का यायचं, असं आमचं ठरलंय. किती दिस ऱ्हाशील तितं?"

वाल्मिक कधी निघेल, एवढंच अश्विनीने विचारलं.

वाल्मिक तिचा धाकटा भाऊ. राजूरला पाण्याच्या मोटारी दुरुस्त करून द्यायचं दुकान होतं त्याचं. तो दोन दिवसांत आला. येताना नवा स्टार्टर, वायरचं भेंडोळं आणि अर्थिंगची सळई घेऊन आला होता. त्याने बनुबाईच्या पाया पडून सांगितलं, "आत्या, आता धोका राहणार न्हाई. खोली कोरडी करतो, पेटी वर भिंतीला बसवतो, बटण लाकडी फळीवर. लेकरानं दाबलं तरी काही व्हनार न्हाई."

"हात लावायचा न्हाई," बनुबाई म्हणाली.

"अहो, पण झाडं..."

"झाडं मरू दे."

हे वाक्य तिने इतकं सरळ म्हटलं की वाल्मिक बहिणीकडे बघत राहिला. अश्विनीला त्या क्षणी सगळं कळलं. सकाळची ती नजर, ते 'आजून न्हाई'. बनुबाईने झाडांना ताण दिलाच नव्हता. ती त्यांच्या मरणाची वाट बघत होती.

वाल्मिक हत्यारांची पिशवी घेऊन बोअरच्या खोलीकडे निघाला तशी बनुबाई त्याच्या पुढे झाली. वयाच्या मानाने ती भराभर चालली. खोलीच्या दारात जाऊन तिने पत्र्याला पाठ लावली आणि खाली बसली. दुपारचं ऊन होतं, वारा होता, वाळकी पानं तिच्या लुगड्याला चिकटत होती.

"आदी मला उचला. मग करा काय करायचं ते."

वाल्मिक घाबरला. "ताई, ऱ्हाऊ दे. म्हातारीच्या जिवाला काही झालं तर..."

अश्विनी बनुबाईसमोर उकिडवी बसली. सासूच्या पायरीवर बसण्याबद्दल, न पेरलेल्या वाफ्यांबद्दल, रोजच्या त्या नकाराबद्दल तिला फार काही बोलायचं होतं. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"आत्या, मारायचीच असतील तर कुऱ्हाड आणते. एका दिवसात पाडू. असं रोज थोडं थोडं नका मारू. मला बघवत न्हाई."

बनुबाईची मान खाली होती. ती म्हणाली, "मला बगवतं असं वाटतं का तुला?"

मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली. अश्विनीने आधाराला हात पुढे केला, तो तिने घेतला नाही. सावकाश चालत घरात गेली आणि आतून कडी लावली.

वाल्मिकने दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काम केलं. अजिनाथने फ्युजा आणून दिल्या. सगळं झाल्यावर वाल्मिक बटणाकडे हात नेऊ लागला तेव्हा अश्विनी म्हणाली, "थांब. मी दाबते."

"तू कशाला? मी हाय ना."

"मला उद्या रोज दाबायचंय. आज न्हाई जमलं तर कधीच न्हाई जमायचं."

तिने चपला काढल्या, मग वाल्मिक ओरडला म्हणून पुन्हा घातल्या. तिच्या हाताला घाम आला होता. तो तिने तीनदा पदराला पुसला. डोळे मिटून बटण दाबलं. आधी काही झालं नाही, मग जमिनीखालून ती जुनी घरघर आली आणि पाइपातून गढूळ पाणी उसळलं. वाल्मिक हसला. अश्विनीला हसू आलं नाही.

ती धावत घरात गेली. कडी काढलेली होती. बनुबाई गोधडी डोक्यावरून ओढून, दोन्ही कानांवर तळहात दाबून पडली होती. अश्विनी उशाशी बसून राहिली. मोटार दोन तास चालली. बनुबाईने तेवढा वेळ कानांवरचे हात काढले नाहीत.

निघताना वाल्मिकने पिशवी भरली आणि बहिणीकडे बघितलं.

"चल ना."

"आता कशी येऊ? आळी खणायचीत, शेणखत घालायचंय. आता पाणी थांबलं तर सगळं जाईल."

"ताई, तुझं काय हाय हितं?"

"मला माहीत न्हाई," अश्विनी म्हणाली. ते खरं होतं.

तो रागावून एकटाच गेला.

पुढचे दिवस तिने एकटीने काम केलं. प्रत्येक झाडाभोवतीचं आळं कुदळीने हलवलं, अजिनाथच्या उकिरड्यातलं कुजलेलं शेणखत पाटीने वाहून घातलं, सल झालेल्या वाळक्या काड्या कोयत्याने छाटल्या, बुंध्यांना चुना आणि मोरचुदाचं मिश्रण फासलं. पाणी आधी थोडं, मग थोडं जास्त, तात्या सांगतील तसं. बनुबाई त्या काळात पायरीवर बसायची बंद झाली. पुढच्या दारात, रस्त्याकडे तोंड करून बसू लागली. मोटार सुरू झाली की उठून रंगुबाईकडे जायची.

पंधरवड्यात फांद्यांवर बारीक जांभळट कळ्या दिसू लागल्या. आणखी काही दिवसांत बाग पांढरी झाली. अश्विनीने असं कधी पाहिलं नव्हतं. पान कमी आणि फूल जास्त. वास घरात येत होता, मधमाश्यांचा आवाज न्हाणीत ऐकू येत होता. रस्त्यावरची माणसं थांबून बघत. रंगुबाईने झाडाखाली उभं राहून डोळ्याला पदर लावला. "सुनील्या, बघाया पायजे हुतास रं."

अजिनाथ मात्र झाडापाशी बराच वेळ होता. त्याने एका खोडाची साल नखाने खरवडून बघितली. मग दुसऱ्या, तिसऱ्या. मग मान खाली घालून बांधावरून निघून गेला.

त्या दिवशी जेवताना अश्विनीला राहवलं नाही. "आत्या, एकदा मागं येऊन बघा तरी. केवढा बहार आलाय."

बनुबाईने घास खाली ठेवला.

"मरायच्या आदीचा बहार हाय त्यो."

"असं का बोलता?"

"वाईट वाटंल म्हनून बोलले न्हाई मी आजवर. लई तान बसल्यावर झाड आसंच करतं. आंगात हाय न्हाई ते समदं फुलात घालतं. मुळ्या वाळल्यात त्यांच्या. माज्या बापाची मोसंबी ग्येली अशी, मी ल्हान हुते."

अश्विनी ताटावरून उठली. तिला सासूचा इतका राग कधीच आला नव्हता. बाहेर जाऊन ती झाडांमध्ये उभी राहिली. फुलांचा वास इतका होता की डोकं दुखू लागलं.

माघ संपायच्या आत ते झालं. आधी फुलं गळाली, ती गळतातच. मग मोहरीएवढी हिरवी फळं गळाली. मग उरलेली पानं पिवळी न होता, हिरवीच कडक होऊन झाडावर वाळली. अश्विनीने पाणी वाढवलं, कमी केलं, अजिनाथने औषध आणून मुळाशी ओतलं. रोज सकाळी एखाद-दुसरं झाड मेलेलं दिसे. शेवटी घराजवळच्या ओळीतली, जिथे न्हाणीचं पाणी जात होतं, तेवढी पाच-सहा झाडं हिरवी राहिली.

एका सकाळी अश्विनी उठली तेव्हा मागून कुऱ्हाडीचा आवाज येत होता. बनुबाई बागेत होती. भादव्यानंतर ती पहिल्यांदा झाडांमध्ये शिरली होती. मेलेल्या एका झाडाच्या बुंध्यावर घाव घालत होती. घाव दर वेळी वेगळ्या जागी बसत होता. अश्विनीने तिच्या हातातली कुऱ्हाड घेतली. बनुबाईने दिली. दुपारपर्यंत अश्विनी तोडत राहिली आणि बनुबाई फांद्या ओढून बांधाला लावत राहिली. काट्यांनी तिचे हात ओरखडले होते.

सावलीला बसल्यावर बनुबाई आपणहून बोलली.

"रोज सकाळी बगायचे मी. त्यानं हातानं लावल्याली उभी. त्याच्यापरीस उंच. आन् त्यो न्हाई. मला वाटायचं, ही कशापायी जगत्यात? ह्यांच्यापायी त्यो ग्येला. ह्यांनीच खाल्लं त्याला." मग ती म्हणाली, "आता ग्येली. तरी बी काय हलकं झालं न्हाई."

अश्विनी तिच्या हातावरच्या ओरखड्यांवर हळद लावत होती. राग गेला नव्हता, पण हात थांबले नाहीत.

"तुला लई वाटत हुतं ती जगावी," बनुबाई म्हणाली.

"हो."

"मला म्हाईत हुतं."

त्यानंतर दोन दिवसांनी भागूबाईचा फोन आला. वाल्मिक नको म्हणत असताना तिनेच केला होता. ती म्हणाली, "दोघी या. विहीणबाईंना बी घेऊन ये. हवापालट हुईल." बनुबाई नाही म्हणेल असं अश्विनीला वाटलं होतं. बनुबाईने थोडा विचार केला आणि म्हणाली, "चल. बगू तुजा डोंगर."

दोघी एसटीने नगरला, तिथून संगमनेर, अकोले, राजूर अशा गाड्या बदलत गेल्या. बनुबाई मुलगी बघायला आणि लग्नाला अशी दोनदाच इकडे आली होती, तीही घाईत. आता ती खिडकीतून बघत राहिली. मागे सपाट, मातकट माळ होता, मग ऊस, मग हळूहळू डोंगर जवळ आले, गार वारा आत आला आणि तिने पदर कानावरून घेतला.

भागूबाईच्या घरी अजून हिवाळा पुरता सरला नव्हता. सकाळी ओट्यावर पाय ठेवला की दगड ओला लागायचा. परसात वालाच्या शेंगा तोडायला आल्या होत्या, लसणाच्या पाती उभ्या होत्या, आंब्याच्या मोहराखाली भागूबाई धूर करत होती. घरातले सगळे ऐनाच्या फांद्या तोडायला रानात जात होते, कारण भाताच्या राबासाठी रोपांच्या वाफ्यावर पालापाचोळा पसरून जाळायचा असतो, आणि त्याची तयारी थंडी असतानाच सुरू होते. बनुबाईला यातलं काही माहीत नव्हतं. तिच्याकडे या दिवसांत माणसं पाण्याचा टँकर कधी भरून येईल, याची वाट बघतात.

दुसऱ्या सकाळी अश्विनी तिला शोधत परसात गेली. बनुबाई झऱ्याच्या पाटाशी बसली होती. पाट वीतभर रुंद, दगडांमधून वाहत वालाच्या कडेने जात होता आणि पुढे कोणाच्याच कामाला न येता ओढ्यात पडत होता. तिने उजवा हात मनगटापर्यंत पाण्यात बुडवला होता. पाणी बर्फासारखं होतं आणि हात लाल झाला होता.

"आत्या, हात काढा. गारठेल."

"हे असंच येतं?"

"असंच येतं."

"बटन न्हाई, काय न्हाई."

"न्हाई."

बनुबाई पुढे वाकली. तिच्या तोंडातून जो आवाज आला तो अश्विनीने भादव्यात कर्जतच्या दवाखान्यातही ऐकला नव्हता. तेव्हा बनुबाई दगडासारखी उभी होती. आता ती पाटाच्या कडेला कोसळून रडत होती. वाल तोडणाऱ्या बायकांनी माना वर केल्या, भागूबाई धावत आली. अश्विनीने सासूला धरलं आणि तीही रडली. किती वेळ गेला ते कोणी बघितलं नाही.

त्यानंतर बनुबाई तिथे आठवडाभर राहिली. भागूबाईबरोबर वाल तोडला, शेंगा सोलल्या, एकदा रानात जाऊन पाल्याची लहानशी मोळीही आणली. खायची नीट. एकदा वाल्मिकला त्याच्या दुकानाबद्दल विचारलंही. अश्विनीला वाटू लागलं की परत गेल्यावर उरलेल्या झाडांकडे तीच बघेल.

निघायच्या सकाळी अश्विनी दोघींच्या साड्या पिशवीत भरत होती. बनुबाईने तिच्या साड्या बाहेर काढून खाटेवर ठेवल्या.

"तुज्या नगं भरू."

"म्हणजे?"

"तू हितंच ऱ्हा."

अश्विनीला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा ती म्हणाली, "मी काय केलं, आत्या?"

"तू काय बी न्हाई केलंस. केलं ते मी."

"मग चला की दोघी. झाडं हायत अजून. तेवढी जगवू."

बनुबाईने मान हलवली. "तू तितं आलीस का मी रोज त्याला बगते तुज्यात. आन् तू बी मला बगून तेच करतीस. दोघी मिळून वाळू. मला ठाव हाय तान कसा बसतो त्यो." ती पिशवीची नाडी बांधू लागली. बोटांना ती जमत नव्हती. "तुजं वय हाय. आय हाय, भाव हाय. ऱ्हा."

"आणि तुम्ही एकट्या?"

"रंगी हाय शेजारी."

भागूबाई दारात उभी होती. तिने अडवलं नाही. अश्विनीने तिच्याकडे बघितलं तेव्हा तिने नजर खाली घातली, आणि अश्विनीला कळलं की विहिणींचं हे आधीच बोलून झालं आहे.

वाल्मिक बनुबाईला राजूरच्या स्टँडवर सोडायला निघाला. अश्विनी सावकाश चाललेल्या गाडीच्या मागे फाट्यापर्यंत चालत गेली. बनुबाईने मोटारसायकलवर एका बाजूला बसून पिशवी मांडीवर घेतली होती. फाट्यावर तिने वाल्मिकला थांबायला सांगितलं, खाली उतरली, अश्विनीच्या गालावरून हात फिरवला. ओरखडे अजून भरले नव्हते, ते गालाला खरखरीत लागले.

"येऊ नगंस म्हनत न्हाई," ती म्हणाली. "पर आत्ता नगं."

गाडी वळणावर दिसेनाशी झाली. अश्विनी घरी आली, तिने साड्या परत कपाटात लावल्या नाहीत. त्या खाटेवर तशाच पडून राहिल्या, आणि तिला झोपायची वेळ आली तेव्हा भागूबाईने उचलून ठेवल्या.

चैत्रात एकदा रंगुबाईच्या फोनवरून बनुबाईने फोन केला. ती फोनवर मोठ्याने बोलायची, जणू आवाजाने अंतर कापायचं होतं.

"जेवलीस का?"

"जेवले. तुम्ही?"

"व्हय. ऊन हाय का तिकडं?"

"हाय. पण सकाळी गारवा असतो अजून."

"हितं नुसता वारा हाय," बनुबाई म्हणाली. "धूळ लई."

अश्विनीला झाडांचं विचारायचं होतं. ती विचारू शकली नाही, आणि बनुबाईनेही सांगितलं नाही. मागे कोणीतरी बोलल्याचं ऐकू आलं, मग रंगुबाईचा आवाज आला, "अगं, बनाक्का फोन माज्याकडं देऊन आत ग्येली. तू बरी हायस ना?"

"बरी हाय, काकू," अश्विनी म्हणाली.